खानदेशातल्या जुन्या पेठेत वाड्याचा भाग किंवा मजला विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्याच्या गल्ल्या, जळगावची जोशी पेठ, विठ्ठल पेठ, शनिपेठ, तसंच अमळनेर, पारोळा, चोपडा, नंदुरबारचं जुनं गावठाण. इथली सागवानी घरं आता अख्खी क्वचितच विकली जातात. कुणी वरची माडी विकायला काढतं, कुणी वाटणीत आलेला पुढचा भाग, कुणी रस्त्याकडचे दोन गाळे आणि त्यावरची खोली. खालची उत्तरं अशा खरेदीसाठी आहेत.

हा फ्लॅट समजायचा की घर?

कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा दोन्ही नाही. फ्लॅट म्हणजे ज्या इमारतीची सोसायटी झालेली आहे किंवा १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेलं आहे, तिच्यातला गाळा. जुन्या वाड्याचं असं काही झालेलं नसतं. तुम्ही घेता तो एकत्र मालमत्तेतला हिस्सा आणि त्यासोबत ठरावीक खोल्यांचा ताबा.

फरक कुठे पडतो? उद्या इमारत पडली किंवा पाडावी लागली तर मजला संपतो, जमीन उरते. खरेदीखतात 'पहिला मजला, चार खोल्या' एवढंच लिहिलेलं असेल आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलेला नसेल, तर तुमच्या हातात काय उरलं यावर वकील वर्षानुवर्षं भांडतील. म्हणून जमिनीतला हिस्सा टक्क्यांत आणि चौरस मीटरमध्ये, दोन्ही प्रकारे लिहून घ्या.

चार भावांपैकी एकच विकतोय. 'बाकीचे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आले की सह्या करतील' म्हणतो. पुढे जावं का?

नको. या भागातले निम्मे व्यवहार इथेच अडकतात.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे खरेदीखत नोंदलं जाईल, मुद्रांक भरला जाईल, पण उंबरठा ओलांडायला दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावावा लागेल. आणि दावा लावलात की १८९३ च्या वाटणी कायद्याचं कलम ४ आडवं येतं: कुटुंबातला हिस्सेदार 'आम्ही याचा हिस्सा घेतो' म्हणाला, तर न्यायालय किंमत ठरवून तुमचा हिस्सा त्याला देऊ शकतं. त्याखेरीज हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग एकच्या वारसांना (मुलं, पत्नी, आई वगैरे) एकमेकांचा हिस्सा आधी घेण्याचा हक्क असतो.

सुरत, पुणे, नाशिककडे गेलेले भाऊबंद दिवाळीला नाहीतर आखाजीला गावी येतात, हे खरं. मग थांबा तोवर. सगळे एकदम येणं शक्य नसेल तर बाहेरगावच्यांनी कुलमुखत्यारपत्र द्यावं, तेही ते राहतात तिथल्या दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित केलेलं. लिहून देणारा हयात आहे याची खात्री नोंदणीच्या आदल्या दिवशी फोन करून घ्या, कारण तो गेला की मुखत्यारपत्रही गेलं. नोंदणीकृत खरेदीखत न करता केवळ मुखत्यारपत्रावर 'विकलेलं' घर मात्र विकलेलं नसतंच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केलं आहे.

'बहिणींनी हक्क सोडलाय, तोंडी ठरलंय.' चालेल?

चालणार नाही. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. चोळी-बांगडीवर बहिणीचा हक्क मिटल्याचं घरात ठरलं असेल, त्याला कागदावर किंमत शून्य.

मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला समान हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने देशभर आला. महाराष्ट्राने त्याआधीच, १९९४ साली, तशी दुरुस्ती केली होती. दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. तेव्हा वंशावळ करून घ्या, प्रतिज्ञापत्रावर, लेकींच्या सासरच्या नावांसकट. निवर्तलेल्या बहिणीची मुलंही त्यात यायला हवीत. विसरली जातात ती नेमकी हीच.

वारसांत कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर पालकाने विक्रीआधी न्यायालयाची परवानगी घ्यायची. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतं.

कोणते कागद मागायचे?

सर्वांत आधी मिळकत पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. डिजिटल सहीची प्रत ऑनलाइन मिळते, पण जुन्या नोंदींसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून हस्तलिखित पत्रिकेची नक्कल आणि चौकशी नोंदवहीचा उतारा काढा. पहिल्या सिटी सर्व्हेच्या वेळी घर कुणाच्या नावे, कोणत्या आधारावर लागलं, ते चौकशी नोंदवहीत असतं. आजचा विकणारा आणि ते पहिलं नाव यांच्यामधली एकही कडी तुटता कामा नये. आजोबांच्या नावावरून थेट धाकट्या नातवाच्या नावावर उडी असेल तर मधले फेरफार मागा.

घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ सुद्धा कर आकारणीचाच उतारा आहे.

मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध. ऑनलाइन शोधात या जिल्ह्यांचे दस्त साधारण २००२ पासूनचे सापडतात. त्यामागचं दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची-२ च्या (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) वह्या उलटूनच बघावं लागतं. 'ऑनलाइन सर्च केला, काही बोजा नाही' एवढं सांगणाऱ्या वकिलाला विचारा, वह्या पाहिल्या का?

दोन स्थानिक दैनिकांत जाहीर नोटीस द्या, हरकतीला १४ किंवा १५ दिवसांची मुदत ठेवून. विकणारे नोटिशीला नाराज असतात, 'गावात चर्चा होईल' म्हणून. चर्चा व्हावी म्हणूनच ती द्यायची असते.

मिळकत पत्रिकेवर सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) 'ब' आहे. अडचण आहे का?

आहे. ती जमीन शासनाने अटींवर दिलेली असते आणि हस्तांतराला परवानगी लागते. परवानगी किंवा शर्त काढून घेतल्याचा आदेश आधी, विसार (आगाऊ रक्कम) नंतर. पत्रिकेवर देवस्थान, सार्वजनिक न्यास किंवा वक्फ असा शब्द दिसला तर तिथेच थांबून स्वतंत्र सल्ला घ्या. न्यासाची मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि वक्फची मिळकत खासगी घरासारखी विकत घेताच येत नाही.

खाली जुना भाडेकरू आहे, भाडं नाममात्र. घर घेतल्यावर तो निघेल ना?

स्वतःहून निघत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याला संरक्षण देतो, आणि मालक बदलला तरी भाडेकरार तुमच्यासोबत चालू राहतो. खाली करून घ्यायचं तर कलम १६ मधलं कारण न्यायालयात सिद्ध करावं लागतं: स्वतःची वाजवी गरज, पाडून बांधणं वगैरे. भाडंही कायद्याप्रमाणे वर्षाला ४ टक्केच वाढतं. त्यामुळे 'भाडेकरूसकट' घराची किंमत 'रिकाम्या' घराएवढी कधीच देऊ नका. भाडेकरू पैसे घेऊन निघायला तयार असेल तर ते खरेदीपूर्वी, विकणाऱ्याच्या पदरातून, लेखी ताबापावतीने करून घ्यायला लावा.

दुकानाचा भाडेकरू आणि राहता भाडेकरू एकच माणूस असेल तर दोन्ही पावत्या वेगळ्या मागा.

विसार किती द्यावा, कसा द्यावा?

सर्वांच्या सह्या होईपर्यंत जितका कमी तितका बरा. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देऊ-घेऊ नका. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. साध्या विसारपावतीपेक्षा नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) करा, त्यात मुदत, सह्या करायच्या सर्वांची नावं आणि सह्या न झाल्यास विसार परत करण्याची तारीख घाला. मुदत उलटून तीन वर्षं गेली की साठेखताची अंमलबजावणी मागण्याचा दावाही मुदतबाह्य होतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

मुद्रांक शुल्क जुन्या घराला कमी लागतं का?

दर तोच. पण शुल्क ठरतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर, आणि रेकनरमध्ये बांधकामाच्या वयानुसार घट मिळते. मूल्यांकनाच्या वेळी इमारतीचं वय पुराव्यासह सांगितलं नाही तर नव्या बांधकामाचा दर लागतो आणि ते पैसे फुकट जातात. जुनी घरपट्टी आकारणी वयाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. राहतं घर एकट्या महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत आहे. जीएसटी जुन्या घराच्या फेरविक्रीवर नाही. गावठाणातल्या घराला एनए (बिगरशेती परवानगी) लागत नाही.

बँक कर्ज देईल?

राष्ट्रीयीकृत बँका बहुधा नकार देतात. मंजूर नकाशा नसतो, भिंती मातीच्या, आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असल्याचं मूल्यांकनकार लिहून देत नाही. स्थानिक सहकारी बँका जमिनीच्या मूल्यावर विचार करतात, व्याज मात्र जास्त. कर्जावर विसंबून विसार देऊ नका. साठेखतात 'कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत' हे वाक्य असू द्या.

लाकूड चांगलं आहे की सडलं, घेणाऱ्याला कसं कळेल?

अनुभवी सुतार सोबत न्या, पण आधी स्वतः पाहा. दर्शनी खांब आणि त्यावरची नक्षी पाहून भुलू नका. साग मधे सहसा टिकतो आणि टोकांना जातो.

तीन जागा तपासा. पहिली, खांबाचा तळ, दगडी उथळ्यावर टेकतो ती वीतभर उंची. दुसरी, तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. तिसरी, पन्हाळीखालची सरं (छपराची आडवी लाकडं). जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा: चांगल्या सागात तो दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही, कुजलेल्यात सहज इंचभर घुसतो. हातोडीने ठोकत चला, आवाज भद्द आला की आत पोकळ. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधई (वाळवी) चालू आहे. नुकताच ऑइलपेंट मारलेली तुळई अधिक संशयास्पद समजा.

झोल मोजायचा तर तुळईच्या बाजूने, खालच्या कडेशी दोन टोकांना दोरी ताणून बांधा आणि मधे तुळई दोरीच्या किती खाली गेली ते मोजा. १२ फुटी गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) दीड सेंटिमीटरपर्यंत ठीक. तीन सेंटिमीटर असेल तर वरचं वजन उतरवल्याशिवाय तिथे राहायला जाऊ नये.

हे सगळं उन्हाळ्यात पाहिलंत तर अर्धंच दिसतं. ऑगस्टमध्ये, दोन दिवसांच्या झडीनंतर पुन्हा एक फेरी मारा.

वर धाबं (लाकडावर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर) आहे. ते ठेवावं की स्लॅब टाकावा?

जळगाव-भुसावळचा उन्हाळा पाहता, पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा, धाब्याखालच्या खोलीसारखी खोली नाही. पण धाबं म्हणजे वजन. सहा इंच मातीचा थर चौरस मीटरला साधारण २५० किलो होतो. गळतं म्हणून दर वर्षी वरून चार पाट्या खारी माती टाकायची सवय. पन्नास वर्षांत तो थर फुटावर जातो आणि वजन दुप्पट होतं. तुळया वाकण्यामागे वयापेक्षा हे कारण जास्त वेळा असतं. कोपऱ्यात सळई खुपसून थराची जाडी मोजा.

यावर सिमेंटचा कोबा घालणं सगळ्यांत वाईट. आणखी वजन वाढतं, खालची माती आणि लाकूड हलतं, कोबा हलत नाही, भेगा पडतात, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही. जुनी माती किलच्यांपर्यंत (सरांवरच्या लाकडी पट्ट्यांपर्यंत) उतरवायची, सडक्या किलच्या आणि सरं बदलायची, मग चार इंचांपर्यंतच नवा थर, पन्हाळीकडे फुटाला पाव इंच उतार. पावसाची चिंता फार असेल तर त्यावर फूटभर अंतर सोडून पत्र्यांचं छत. मातीच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकून देणारे ठेकेदार भेटतील. त्यांच्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागा.

भिंतींना ओल आहे. सिमेंट प्लास्टर करून घेऊ?

नाही. भेंड्यांची (कच्च्या विटांची), पांढऱ्या मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती कोंडते, वर चढत तुळईच्या टोकाशी पोचते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर मातीसकट पोपडा होऊन सुटतं. चुन्याचं प्लास्टर करा: एक भाग चुना, तीन भाग वाळू, चुना निदान तीन आठवडे भिजवलेला. गवंडी 'थोडं सिमेंट घालू, लवकर बसेल' म्हणेल, त्याला आधीच बजावा. ओल खालून येत असेल तर बाहेरच्या गटारीचा तळ तुमच्या जोत्यापेक्षा उंच झालाय का ते पाहा. रस्त्यांवर थरावर थर काँक्रीट पडल्याने जुन्या घरांचे ओटे रस्त्याखाली गेलेत, पाणी घराकडे वळतं.

माडीवर संडास-न्हाणीघर करता येईल?

करता येतं, पण लाकडी पाटणीवर फरशी घालून कधीच नाही. वरच्या मजल्याचं लाकूड याइतकं दुसऱ्या कशाने गेलेलं दिसत नाही. गळती वर्षभर दिसत नाही आणि दिसते तेव्हा तुळई गेलेली असते. मागच्या बाजूला जमिनीपासून स्वतंत्र लोखंडी किंवा आरसीसी चौकट उभी करून त्यावर न्हाणीघर घ्या, वाड्याच्या भिंतीवर भार न टाकता. पाइप उघडे ठेवा. भिंतीत दडवलेला पाइप मातीच्या भिंतीला सोसत नाही.

शेजारचा वाडा पाडून नवी इमारत होणार आहे. काळजी करावी?

करावीच. जुन्या गल्लीत दोन घरांची भिंत सामाईक असते. शेजाऱ्याचं छत निघालं की तुमच्या भिंतीचा आधार निघतो आणि उघड्या मातीवर पाऊस बसतो. त्यात पायासाठी खोल खड्डा. खोदकामाआधी आपल्या भिंतींचे तारखेसह फोटो, भेगांवर खुणा, महापालिकेला किंवा नगरपालिकेला पत्र, आणि शेजाऱ्याकडून टेकू देण्याचं व भिंत बाहेरून झाकण्याचं लेखी. खरेदीपूर्वीच विचारा: दोन्ही बाजूंना कोण, आणि त्यांचा बेत काय? गल्लीत चहाच्या टपरीवर हे नगररचना विभागाच्या आधी कळतं.

असं घर 'हेरिटेज' धरलं जातं का? दुरुस्तीला परवानगी लागते?

घर जुनं आहे म्हणून आपोआप नाही. वारसा यादीत नाव असेल तरच. मात्र केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असाल तर वेगळा नियम लागतो: १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी. किल्ला, जुनी समाधी किंवा मंदिर शेजारी असेल तर अंतर मोजून घ्या. प्लास्टर, फरशी, रंग यांना सहसा परवानगी लागत नाही. भिंत हलवणं, उंची वाढवणं, लाकडी पाटणीच्या जागी स्लॅब टाकणं यांना लागते.

पाडून बांधायचा विचार असेल तर विकास योजनेचा भाग नकाशा आधी काढा. रस्तारुंदीची रेषा ओट्यावरून जाते की दिवाणखान्यातून, ते तिथेच कळतं. इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस आली आहे का, हेही महापालिकेत विचारा. 'सी-१' वर्ग म्हणजे तात्काळ रिकामी करायची इमारत.

धुळ्यात, अमळनेरात नदी जवळ आहे. पुराचं काय?

पूररेषेच्या नकाशातली निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी जवळपास मिळत नाही, म्हणजे घर पडलं तर पुन्हा उभं राहत नाही. धुळ्यातल्या पांझरेला १८७२ साली मोठा पूर आल्याची नोंद आहे. 'आमच्या हयातीत पाणी आलं नाही' हे उत्तर पुरेसं मानू नका.

नक्षीचे दरवाजे, खांब विकणारा काढून नेऊ शकतो का?

करारात लिहिलं नसेल तर नेईल. जुना साग आणि कोरीव काम घेणारे व्यापारी गावोगाव फिरत असतात, आणि कधी कधी ताब्याच्या आदल्या रात्री चौकट गायब असते. प्रत्येक दरवाजा, कडी, खांब, झोपाळ्याचे हूक यांची फोटोंसह यादी खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडा.

वाड्यात धन पुरलंय असं सगळे म्हणतात.

सगळ्याच वाड्यांबद्दल म्हणतात. बळदात (धान्याच्या कोठारात) बहुधा जुनी ज्वारी आणि उंदीर निघतात. काही सापडलंच आणि त्याची किंमत १० रुपयांवर असेल, तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. धनासाठी किंमत वाढवून मागणाऱ्याशी बोलणी थांबवा, आणि भिंतीच्या पायथ्याशी कुणी खोदून ठेवलंय का ते नीट पाहा. खांब त्यानेही खचतात.

खरेदीखतात नेमकं काय असावं?

जमिनीतला हिस्सा वर सांगितलाच. शिवाय: जिना कुणाचा, धाब्यावर जायचा हक्क कुणाला, वर आणखी मजला चढवायचा हक्क कुणाला, चौकातलं पाणी आणि विहीर, संडासाची वाट, सामाईक दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात. माडी घेत असाल तर खालच्या मालकाने आधाराचे खांब व भिंती न काढण्याचं बंधन. सोबत मोजमापाचा नकाशा, सर्वांच्या सहीचा. सिटी सर्व्हेच्या नकाशात मजले आणि खोल्या नसतात. जागेवरचं माप आणि पत्रिकेवरचं क्षेत्र जुळत नसेल तर आधी मोजणी.

नोंदणी झाली. पुढे?

मिळकत पत्रिकेवर फेरफाराचा अर्ज लगेच करा. तुमचं नाव सहधारक म्हणून हिस्स्यासह लागेल, बाकीची नावं तशीच राहतील. त्यानंतर घरपट्टी, नळपट्टी आणि महावितरणचं मीटर. जुन्या लाकडी पट्टीवरची वायरिंग पूर्ण काढून टाका, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग नवं करा, कूलरला स्वतंत्र सर्किट द्या. साहित्याच्या खर्चात वाहतूक धरा: सहा फुटी गल्लीत ट्रॅक्टर येत नाही, वाळू-विटा चौकात उतरवून पुढे गाढवावरून किंवा डोक्यावरून न्याव्या लागतात, आणि ती मजुरी ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात जवळपास कधीच नसते.